उजवा तेवढा कुरकुरतो

आमच्या ह्यांची ओळख करून द्यायची तर आधी गाडीची करून द्यावी लागते. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी "मुलगा कसा आहे?" असं विचारलं, तर सासऱ्यांनी त्यांना अंगणात नेऊन बॉनेट उघडून दाखवलं. गाडी तेव्हाच म्हातारी होती. वडील भोळे, इंजिन बघून होकार देऊन आले.

हे पाणीपुरवठा खात्यात होते. काम काय, तर लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालचा नळ कुठे गळतोय ते ऐकायचं. कान तिखट, यात वाद नाही. पण नोकरीतून एक तत्त्व घरी घेऊन आले: जे बिघडतं ते बोलतं, जे बोलत नाही ते ठणठणीत. याच तत्त्वावर यांनी संसार केला. आमचा धाकटा जन्माचा कुरकुऱ्या. त्याला चप्पल चावली की हे धावले, परीक्षेच्या दिवशी पोट दुखलं की हे उशाशी. थोरली ताई गप्प. तिला ताप आलाय हे शाळेतल्या बाईंनी कळवलं तेव्हा घरात कळलं. "आमच्या ताईकडे काही बघावंच लागत नाही," हे चारचौघांत कौतुकाने सांगायचे. आणि खरंच बघायचे नाहीत.

यंदा ताईला मुलगी झाली. झालं! यांनी जाहीर केलं, "मला बाबांनी दवाखान्यातून याच गाडीतून घरी आणलं, नातही यातूनच येणार." इकडे माझं डोकं फिरलं. कारण वळणावर गाडीच्या मागून, उजवीकडून कर्र कर्र यायचं आणि चाकातून तेल झिरपायचं.

"ओली बाळंतीण आणि एवढासा जीव," मी म्हटलं. "चाक निखळलं तर? आधी गाडी दाखवा, मग नातीचं नाव काढा."

मिस्त्री आले. यांचे जुने दोस्त. दोघांना गाडीखाली एकत्र घातलं की जेवणाचीही शुद्ध राहत नाही. मागची चाकं फिरवणारे दोन जाडजूड दांडे असतात, एक उजवा, एक डावा. मिस्त्री त्यांना एक्सल म्हणतात. त्यांनी उजवा ओढून बाहेर काढला, रॉकेलने चोळला, कोरडा पुसला आणि वरून पावडर भुरभुरली. कुठे चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पावडरीत उमटतं, म्हणे. पावडर कुठली? बाळासाठी आणलेली! मी ओरडेपर्यंत डबा अर्धा रिकामा.

पण रेघ उमटली. केसाएवढी बारीक, दांड्याला वळसा घालून गेलेली. हे पांढरेफटक पडले.

"ओरखडा असेल," पुटपुटले.

"ओरखड्याला घाम फुटत नाही," मी म्हटलं.

लेथवाल्याकडून नवा एक्सल करून आणला, बसवला. हे एक चक्कर मारून आले, मागून आवाज नाही. चेहरा असा फुललेला, जणू स्वतःच बाळंत झाले.

"आणि डावा?" मी विचारलं.

"तो कुठे कुरकुरतोय?"

"अहो, दोघं एकाच वयाचे. एकाच गाडीखाली झिजलेले."

"वहिनी," मिस्त्री म्हणाले, "गप्प आहे त्याला कशाला छेडायचं? हात लावला की दुखणं निघतं." दोन शहाण्यांचं एकमत झालं. मी कपाळाला हात लावला आणि आत गेले.

दवाखान्याच्या दारात गाडी अशी चकाचक उभी, की नर्सबाई बघायला बाहेर आल्या. ताई बाळाला घेऊन पायरीवर थांबली. एक्सलचं सगळं मी तिला आधीच सांगितलं होतं.

"बाबा, दुसरी बाजू उघडून बघितली?"

"अगं, तिची काही तक्रारच नाही!"

"मी तरी कधी केली होती?" ताई म्हणाली. आवाज जरासुद्धा चढवला नाही. सरळ जावयाच्या गाडीत जाऊन बसली.

हे खुळ्यासारखे दार धरून उभे. "असं काय म्हणाली ती?" मलाच विचारतात! रस्त्याखालची गळती ऐकणारा हा कान!

यांच्याशेजारी कुणीतरी बसायला हवं म्हणून मी बसले. चौकात वळलो आणि 'टण्ण' झालं. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. उतरून बघितलं तर डावं चाक तिरकं होऊन बाहेर आलेलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. एरवी मी तोंडाचा पट्टा सोडला असता. पण ताई बाळाला घेऊन बसणार होती ती जागा बरोब्बर त्या चाकावर.

हे चाकापाशी उकिडवे बसले ते उठेचनात. मग खिशातून फोन काढला. यांनी ताईला आपणहून फोन लावल्याचं मला आठवत नाही. लावायची मी, हे मागून "बरी आहे ना, विचार" म्हणून ओरडायचे.

"ताई, तुला काही होतंय का गं? कुठे दुखतंय का?"

"नाही बाबा. बरी आहे मी."

एरवी एवढ्यावर काम संपलं असतं. आज यांनी फोन ठेवला नाही.

"बरी आहे असं नको सांगूस," हे म्हणाले. "खरं सांग."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. हे कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघायला लागले.

"बाळ रडतंय का गं?"

मी फोन घेऊन कानाला लावला. बाळ नव्हतं रडत.