अपेक्षित प्रश्न

भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी, पौषातल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजता मी पाहुण्यांसमोर हातपंपाचे पाणी प्यालो. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. पाहुणे जेवायला वळताच सरपंचाच्या गड्याने तो पंप राखेने घासून धुतला.

मी तिथेच उभा होतो.

औसा तालुक्यातले ते पुनर्वसित गाव. जुने गाव पडले. जुनी रचना नव्या आखणीत जशीच्या तशी आली. पंप मध्यभागी, आमची बौद्ध वस्ती टोकाला. मी जळकोटकडचा, त्याच समाजाचा, तिथे पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता. आमचे अध्यक्ष लातूरला शिकवणी वर्ग चालवत. सर. त्यांच्या वर्गात मी विनाशुल्क शिकलो. ढिगाऱ्यांतून प्रेते काढताना ते माझ्या शेजारी होते. माझा त्यांच्यावर विश्वास होता. एवढेच सांगतो.

निधी देणाऱ्यांकडून मूल्यमापन होणार म्हणताच सरांनी ते बोर्डाच्या परीक्षेसारखे घेतले. गावकऱ्यांकडून अपेक्षित प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेतली. पंपावर पाणी कोण भरते? सगळे. माझ्याकडे प्रात्यक्षिक आले.

"तू प्यालास की पंप सर्वांचा झाला," सर म्हणाले.

हेच मी वस्तीत जाऊन सांगितले. म्हणून त्या सोमवारी, पाहुणे वळल्यावर, वस्तीतल्या म्हाताऱ्या सोजराबाई घागर घेऊन आल्या. गड्याने राखेच्या हातानेच वाट अडवली.

"कार्यक्रम झाला की, म्हातारे. आता काय हाय इथं?"

सोजराबाईंनी घागर कमरेवर घेतली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू पेलास म्हून आले रं, बाबा."

मी सरपंचाच्या ओसरीवर गेलो. पंगत बसली होती. तिथून पंप स्पष्ट दिसत होता. सरांनी भाकरी मोडली आणि हळू आवाजात म्हणाले, "पाहिलं मी. अहवाल जाऊ दे, मग बघू."

दुपारी शाळेत समारोपाची बैठक झाली. मूल्यमापनासाठी आलेल्या बाईंनी नेमका पंपाचाच प्रश्न विचारला. सरांनी मला मानेने खुणावले. मी उभा राहिलो. मी पाणी प्यालो आणि लगेच पंप राखेने धुतला गेला, असे सांगितले. राख अजून ओली आहे, येऊन पाहा, असेही सांगितले.

कोणी उठले नाही. बाईंनी सरांकडे पाहिले.

"माझाच विद्यार्थी आहे," सर हसून म्हणाले. "हुशार. जरा तापट."

बाईही हसल्या. पुढचा प्रश्न महिला मंडळाचा होता.

मी संस्थेचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि वस्तीत गेलो. सोजराबाईंना म्हणालो, घागर घ्या. त्यांच्यामागे आणखी दोघी निघाल्या. पंपाशी गडी होताच.

"पुन्हा धुवावा लागंल मला," तो म्हणाला.

"धू. उद्याही धू. आम्ही रोज येणार."

मी दांड्याला हात घातला. सोजराबाईंची घागर भरली, त्यांच्या डोक्यावर दिली. मग दुसरीची घागर पंपाखाली लावली.