ताईचं कितवं पान?

मास्तरांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. उभा जन्म त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या, म्हणून ते कवळीमास्तर. समोरून एखादं म्हातारं माणूस हसत आलं की मास्तर आधी दात ओळखत आणि मग माणूस. हात थरथरायला लागले तेव्हा काम सोडलं. बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला उरला होता रेडिओ, आणि तो आपलंच तेवढं बोलायचा.

माणसाचा आवाज कानावर पडायचा तो संध्याकाळी, ताईच्या फोनवर. ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. ती लेकाकडे राहायला गेली होती, आणि तेही इतक्या लांब की जायचं म्हटलं तर आधी प्रकृतीची परवानगी काढावी लागे. तसं भावाबहिणीकडे बोलायला फारसं काही नव्हतं. "जेवलास?" "जेवलो." "गुडघा?" "आहे." एवढ्यावरच फोन आटोपला असता. तो आटोपत नसे, कारण दोघं एकच पुस्तक वाचत. लहानपणी वाचनालयातून घरात एका वेळी एकच पुस्तक यायचं. दोघं पालथी पडून, डोक्याला डोकं लावून ते वाचायची, आणि नियम एकच होता: दुसऱ्याला मागं टाकून पुढं जायचं नाही. लग्नं झाली, संसार झाले, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन घरांत येऊ लागल्या, पण नियम तोच राहिला. त्या दिवशीच्या पानापर्यंत जे घडलं असेल त्यावर रोज अर्धा तास भांडण. एखाद्या नायिकेनं मूर्खपणा केला की ताई मास्तरांना असं फैलावर घेई, जणू ती बाई त्यांनीच पसंत करून घरात आणली होती.

गेल्या वर्षी दोघांनाही छापील अक्षरं छळायला लागली. ताईच्या लेकानं आईला ई-रीडर आणून दिला आणि लगेच फोन केला. "मामा, तुम्हीही घ्या. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात आणि पुस्तक घरबसल्या विकत मिळतं."

मास्तर दुकानात गेले. विकणाऱ्या मुलीनं तीन रीडर पुढं मांडले. एक लहान, बिनउजेडाचा. एक मधला, आतून उजेड येणारा. आणि एक चांगला ऐसपैस, ज्यावर लिहिताही येत होतं. मास्तरांनी प्रत्येकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, कवळीची कड कुठं टोचते का बघावं तसा.

"यावर फोन येतो?"

"नाही काका."

"सिनेमा? बातम्या?"

"नाही, फक्त पुस्तकं वाचता येतात," मुलगी जरा ओशाळूनच म्हणाली.

"मग द्या. मधला द्या, माझ्या ताईकडे तोच आहे."

तिसऱ्यावर त्यांचा डोळा होता, खोटं कशाला बोला. पण ताईपेक्षा भारी वस्तू आपण घ्यायची, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. घरी येईपर्यंत त्या वस्तूचं नाव पाटी पडलं होतं.

पाटी आली, पण पुस्तकांचं घोडं अडलं. फुकट दिसलं म्हणून मास्तरांनी एक रहस्यकथा उतरवून घेतली, एका बैठकीत वाचली आणि तणतणत ताईला फोन लावला. "काय लेखक म्हणायचा हा! खून झाला आणि पुस्तक संपलं!"

"अरे शहाण्या, तो नमुना असतो. गोडी लागावी म्हणून पहिलं प्रकरण फुकट देतात."

"हे म्हणजे वरचे चार दात बसवून माणसाला घरी पाठवण्यासारखं झालं."

ताईला हसता हसता ठसका लागला. मग तिनंच एक जाडजूड कादंबरी निवडली, दीपगृह सांभाळणाऱ्या एका कुटुंबाची. किंमत बघून मास्तर कुरकुरले. ना कागद, ना शाई, वाचून झाल्यावर रद्दीही नाही, आणि पैसे मात्र चोख! पण पुस्तक क्षणात पाटीवर हजर झालं आणि त्यांचं तोंड बंद झालं.

दोघांनी एकाच संध्याकाळी पुस्तकाला हात घातला. पहिले चार-पाच दिवस फोनवर पाटीच्याच गमती सांगण्यात गेले. मग एकदा मास्तरांनी विचारलं, "कितवं पान?"

"तू सांग आधी."

"पस्तीस."

"मी नव्वदवर आहे," ताई म्हणाली.

मास्तरांना वाटलं थट्टा चालली आहे. पण पुढच्या आठवड्यात ते साठाच्या आसपास असताना ताई तीनशेच्या पुढं होती. आजवर हे कधी झालं नव्हतं. बाळंतपणात नुसती पडून असतानासुद्धा ताई त्यांच्यासाठी थांबली होती. त्याहून वाईट म्हणजे ती भांडेनाशी झाली. "तू सांग ना, तुझ्या पानापर्यंत काय झालं. तुझ्या तोंडून ऐकते," म्हणायची. मास्तर सांगत बसायचे, राखणदाराची बायको कशी रुसली, बोट कशी आली नाही. पलीकडून नुसतं "हं" आणि "मग?" येई. सगळं वाचून बसलेली बाई लहान मुलाकडून धडा म्हणून घेते तसं हे मास्तरांना वाटे, आणि अंगाचा तिळपापड होई.

रागाखाली भीती होती. तिचं घर भरलेलं आहे. लेक, सून, नातवंडं, येणारे-जाणारे. म्हाताऱ्या भावाचं हे लोढणं तिनं किती दिवस वाहायचं? पुस्तक लवकर उरकलं की फोनही उरकला. एकदा हे मनात आलं आणि मग ते घर करूनच बसलं. मास्तर संध्याकाळी दोन वाट्यांचा स्वयंपाक करत, एक वाटी खात, उरलेली सकाळी खात. शेजारच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं की आपलं तर हसं होत नाही ना, असं त्यांना उगाचच वाटे. एका संध्याकाळी फोन वाजला आणि त्यांनी उचललाच नाही. जा म्हणावं, पुढंच जायचंय ना, मग जा. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला नाही, आणि मास्तरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या घरातला भिंतीवरचा पंखा एवढा आवाज करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले. बाकावर बसून पाटी उघडली तर चष्मा घरी राहिलेला. मग त्यांनी अक्षरं वाढवायची खूण दाबली, पुन्हा दाबली, आणखी एकदा दाबली. आता एका पानावर जेमतेम वीस-पंचवीस शब्द मावत होते. डोळे किलकिले करून त्यांनी खालचा पानाचा आकडा बघितला. मघाशी तिथं एकशे दहा होतं. आता पाचशेच्या पुढचा आकडा दिसत होता.

मास्तर गोंधळले. पण गोष्ट पुढं गेलीच नव्हती. राखणदाराची बायको अजून त्याच जिन्यावर, हातात तीच बादली घेऊन उभी होती. त्यांनी अक्षरं लहान केली, एकशे दहा. मोठी केली, पाचशे. शेजारचा रोगी बघायला लागला तरी मास्तरांचं बोट थांबेना. अक्षर मोठं झालं की पानं वाढतात! एवढी साधी गोष्ट, आणि जन्मभर कागदावर वाचलेल्या दोघा भावाबहिणींच्या डोक्यात ती शिरलीच नाही. छापलेलं पान कधी जागा सोडतं का?

ताई पुढं गेली नव्हती. ताईला दिसत नव्हतं.

नंबर पुकारला गेला, पण मास्तर उठले नाहीत. त्यांना आठवली ती ताईसाठी स्वतः बनवलेली कवळी. महिनाभर ताई सांगत होती, छान बसली आहे रे, अगदी जन्मापासूनची वाटते. शेवटी भेटीत त्यांनी बळंच तोंड उघडायला लावलं तर हिरडी सोलवटून निघालेली. भाऊ खट्टू होईल म्हणून बाई महिनाभर पेजेवर राहिली होती. अशा बाईला "तुझे डोळे गेले का" म्हणून विचारलं, तर ती "छे, स्वच्छ दिसतं" म्हणणार आणि वर सहाशेवं पान सांगणार. आणि आपण काल फोन उचलला नाही. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की गुडघा न दाखवताच ते घरी आले.

संध्याकाळची वाट न बघता त्यांनी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"काल कुठं होतास? बरा आहेस ना?"

"बरा आहे. ताई, एक अडचण आहे माझी. हसू नकोस."

"सांग तर."

"मला एकट्याला वाचलेलं आता लक्षात राहत नाही. मोठ्यानं वाचलं तरच डोक्यात शिरतं. पण एकटाच मोठ्यानं वाचायला लागलो तर शेजारी वेडा म्हणतील. मी रोज वाचतो, तू ऐकशील? तुझं वाचून झालंय, तुला कंटाळा येईल, माहीत आहे मला. पण माझ्यासाठी."

पलीकडे फोन या कानावरून त्या कानावर गेल्याची खरखर झाली.

"ऐकेन की," ताई म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"मग कुठून वाचू? एकशे दहावर आहे मी. तू म्हणशील तिथून."

मग ताई एकदम हळू, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलली, "धाकट्या, पहिल्या पानापासून वाच."

दवाखान्यात मास्तरांनी केलेल्या हिशेबात निदान एवढं तरी होतं, की बिचारी वीस-वीस शब्द करत आपल्याबरोबर चालली असेल.

"पहिल्यापासून? म्हणजे तू..."

"नुसती पानं उलटत होते रे. संध्याकाळी तुला सांगायला एक आकडा हवा म्हणून. तो आकडासुद्धा सुनेकडून वाचून घेत होते. दिसत नाही म्हटलं असतं, तर पुस्तक संपलं असतं. मग तू कशाला फोनवर थांबला असतास?"

मास्तरांनी पाटी दिव्याजवळ धरली. चष्मा डोळ्यांवर होता, तरी पहिली ओळ दिसायला जरा वेळ लागला. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. चार ओळी झाल्या नाहीत तोच पलीकडं दार वाजलं आणि सुनेचा आवाज आला, "आई, कुणाशी बोलताय?"

"बोलत नाहीये," ताई म्हणाली. "दार लावून घे. माझा भाऊ वाचतोय."