मी निवडलेली उघडी गाडी

आमच्या घरात पहिली मोटार आली ती माझ्या पसंतीची. हे ऐकलं की आजच्या मुली खूश होतात. त्या काळी नवरा बायकोला विचारायचा म्हणजे केवढं कौतुक, असं त्यांना वाटतं. कौतुक कसलं! ती गाडी मी निवडली ती एका बाईला तिची लेक दिसू नये म्हणून. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. वयाची सबब मी सांगणार नाही. अठराव्या वर्षी माणसाला सगळं कळतं.

सासर चौलच्या पुढे, समुद्राला लागून. सासऱ्यांची लाकडाची वखार होती, दोन गलबतं होती, नारळाची वाडी होती. घरातली बाई विहिरीवरसुद्धा जात नसे, पाणी गडी भरायचे. लग्नकार्याला जायचं झालं तर दमणी जुंपायची, म्हणजे छपराची बैलगाडी, पुढे-मागे जाड पडदे सोडलेली. आत आम्ही बुरख्यात घामाने निथळत बसायचो आणि पडद्याच्या फटीतून बैलांची शेपटं बघायचो. समुद्र दोनशे पावलांवर, पण पायाला त्याचं पाणी लागलं नाही.

सासू नव्हती. कोठीच्या चाव्या नणंदेकडे. तिला सगळे आपा म्हणायचे. माझ्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, रेवसच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. तिच्या नवऱ्याने तलाक दिला, सहा वर्षांची मुलगी ठेवून घेतली आणि हिला ट्रंकेसकट परत पाठवलं. तिचं दुःख मोठं होतं, हे मला मान्य. पण ते दुःख दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटायचं. मी थापलेली तांदळाची भाकरी ती उजेडाकडे धरून बघायची, भोक सापडलं की चारचौघींत दाखवायची. "आईनं तुना हात दिलान का पळ्या?" असं विचारायची. मी माहेरी मराठी पुस्तकं वाचत असे, म्हणून मला "मास्तरीण" म्हणायची आणि माशांना मीठ कमी पडलं की म्हणायची, "मास्तरनीला विचारा, पुस्तकात किती लिवलाय." मी आतल्या आत धुमसायचे.

मुलीला भेटायची एक वाट तिच्या आधीच्या सासरच्यांनी उघडी ठेवली होती. महिन्यातून एकदा आईने यावं, मुलगी मात्र त्यांचं घर सोडून आमच्याकडे येणार नाही. यायचं ते घरच्या पुरुषाबरोबर, पडद्यात, आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं, कारण तलाक झालेल्या बाईने त्या छपराखाली रात्र काढायची नाही. आता चौलहून रेवसकडे बैलगाडीने एका दिवसात जाऊन येणं कुणाच्या बापाला जमलं असतं? आपा दोनदा गेली. पहाटे निघाली, दुपार कलल्यावर पोचली, पोरीला मांडीवर घेते न घेते तोच उठली. दुसऱ्या वेळी परतताना एक बैल बसला आणि सगळी रस्त्यात अडकली. सासऱ्यांनी कानाला खडा लावला. दमणी पुन्हा तिकडे जाणार नाही, म्हणाले. उतारूंच्या सर्व्हिस मोटारीत परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून त्यांची लेक बसणं तर शक्यच नव्हतं.

अशात माझ्या नवऱ्याने मोटारीचा हट्ट धरला. गलबतावरच्या माणसाबरोबर मुंबईहून दोन रंगीत चित्रं आली. गाडी एकच, इंजिन एकच. एकीला वर घडीचा कापडी टप, तो मागे लोटला की गाडी उघडी. दुसरी चहूबाजूंनी बंद, पत्र्याचं छप्पर, काचा, आतून रेशमी पडदे. दोन्ही तासाला सत्तर मैलांनी पळतात, असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. सासरे म्हणाले, "चालवनार तू, तूच ठरव. पन उघडी घेतलीस तर या घरची बाई तिच्यात बसनार न्हाय."

ही शेवटची अट माझ्या कानावर आली नाही. बायकांच्या बाजूला पुरुषांचं बोलणं अर्धंच पोचायचं. ती अट नवऱ्याने मला सांगितली नाही. त्याला उघडी गाडी हवी होती आणि माझ्या तोंडून ती यावी अशी त्याची इच्छा होती, म्हणजे पुढे बोल माझ्यावर. माणूस गोड होता, पण अशा बाबतीत लबाड.

आपाला मात्र बंद गाडीचं चित्र दिसलं होतं. त्या दुपारी मी कांदा चिरत होते. ती शेजारी येऊन बसली, माझ्यापुढची विळी तिने आपल्याकडे ओढली आणि स्वतः चिरायला लागली. मला वाटलं, आता माझ्या कांद्याचीही खोड काढणार. ती म्हणाली, "गो पोरी, तो तुजा ऐकतो. त्याला बंद गाडी घ्याला सांग. सकालची गेली तर सांजची परत येन मी. महिन्याशी येक बार पोरीची येनी घालीन, दुसरा काय न्हाय मागत." एवढं बोलून ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुना लय बोललंय. मना माफ कर."

वर्षभर ज्या शब्दांची मी वाट पाहिली, ते असे आयते पदरात पडले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दया आली नाही. तिचं वाकलेलं डोकं मला बघत राहावंसं वाटलं. मी म्हटलं, "सांगेन, आपा."

आणि रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याने दोन्ही चित्रं माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी उघडी गाडी दाखवली. माझा हिशेब साधा होता. बंद गाडी आली की ती आपाची होणार. जिथे तिथे ती मागच्या गादीवर पसरून बसणार आणि मी घरी भाकऱ्या थापणार. उघडी आली तर पडद्याची पक्की आपा तिला शिवणार नाही, आणि मी बुरखा घालून नवऱ्याशेजारी बसून मुरूडपर्यंत वाऱ्यावर जाईन. मनातल्या मनात मी पोचलेही होते. नवरा हसला. "आपा काय म्हणेल?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, "आपाचं काय अडलंय?"

गाडी पडावातून, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीतून, रेवसच्या धक्क्यावर उतरली. नवरा ती चालवत घरी घेऊन आला. वाटेत आपाच्या आधीच्या सासरच्या गावात इंजिनात पाणी घालायला थांबला होता. घरी आल्यावर हात धुता धुता सहज बहिणीला म्हणाला, "तुजी पोरगी भेटली की. गाडीला हात लावून बघत होती. पुढचे दोन दात पडलेत तिचे." आपाने विचारलं, "कंचे? वरचे का खालचे?" त्याला आठवेना.

मी त्या गाडीत एकदाच बसले. वखारीचं फाटक लावून, टप वर ओढून नवऱ्याने मला आत बसवलं, इंजिन सुरू केलं आणि भोंगा वाजवून दाखवला. गाडी जागची हलली नाही. सासऱ्यांची अट मला तिथे, त्या चामडी गादीवर बसल्यावर कळली. मी उतरले आणि रडले. ते रडणं आपासाठी होतं असं कुणाला वाटलं तर वाटू दे, पण ते माझ्यासाठी होतं. पुढे ओहोटीच्या कडक वाळूवर नवरा मित्रांना घेऊन गाडी सुसाट सोडायचा आणि आम्ही दोघी माडीच्या जाळीतून बघायचो. आपा म्हणायची, "किती पलते गो! येवढ्यात तर मी पोचलं असतंय."

तिने माझ्यावर कधी संशय घेतला नाही. मी तिच्यासाठी भांडले आणि भावाने ऐकलं नाही, अशी तिची समजूत. ती मीच करून दिली होती. गाडी आली त्याच आठवड्यात तिने कोठीच्या चाव्या माझ्या पदराला बांधल्या. माझ्या भाकरीला त्यानंतर भोक पडलं नाही. मला ताप आला की ती उशाशी बसायची. खरं सांगायची संधी मला रोज होती. रोज मी मूग गिळून बसले, कारण माझे दिवस बरे चालले होते.

अशी नऊ वर्षं गेली. पोरीचं लग्न झालं, त्याचं बोलावणं आपाला नव्हतं. पण जावई भला निघाला. पंधरा दिवसांतच तो बायकोला घेऊन आमच्या दारी आला. आपाने सकाळपासून तीनदा कपडे बदलले आणि शेवटी रोजचेच पांढरे घालून कोपऱ्यात बसली. चाळिशीही झाली नव्हती, पण पार सुकून गेली होती. मी भरल्या अंगाची, जरीची ओढणी घेतलेली, घरची मालकीण, दारात उभी.

पोर आत आली. एकदा आपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि "अम्मी" म्हणत माझ्या गळ्यात पडली. मोठ्याने रडायला लागली. मी तिला तेव्हाच दूर करायला हवं होतं. मी केलं नाही. मला मूल झालं नव्हतं, आणि तो शब्द मला हवासा वाटला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आपा उठून जवळ येईपर्यंत.

"ती न्हाय गो," आपा म्हणाली. "मी."

पोर चपापली. ओशाळून आपाला भेटली, पण पाहुणीला भेटावं तशी. रडणं माझ्या खांद्यावर होऊन गेलं होतं. आपाने तिची वेणी हातात घेतली, जराशी चाचपली आणि सोडली. मग तिलाच धीर देत म्हणाली, "चुकलीस तरी वाईट न्हाय झाला. हिला सलाम कर. तुजी नि माजी भेट व्हावी म्हनून या घरात येकटी हीच भांडली."

पोरीने वाकून माझा हात आपल्या डोळ्यांना लावला. आपा आमच्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी म्हटलं, "अल्ला सुखी ठेवो," आणि पाहुण्यांसाठी शेवया गरम करायला आत गेले.