शालनअक्कांनी अडवून धरलेला नारळ

शालनअक्का आज पहाटे गेल्या.

मॅनेजरला सगळेच शिव्या घालतात, पण पाठीमागं. अक्का तोंडावर घालायच्या. निम्मी कंपनी त्यांना घाबरायची आणि उरलेली त्यांच्या डब्यातला खर्डा मागायची.

मी एमआयडीसीत कामाला लागले तेव्हा ड्रिल मशीन चालवायला त्यांनीच शिकवलं. आम्ही चौघी बायका, चार मशिनं. काम ऑपरेटरचं, पण कागदावर सगळ्या हेल्पर. पगारही हेल्परचाच.

विचारायला गेलं की एचआर म्हणायचं, "फाइल वर गेलीय."
वर म्हणजे कुठं, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला मशीनची पूजा असते. ज्याचं मशीन, त्यानं नारळ फोडायचा. आमच्या मशिनांवर मात्र दरवर्षी कुणीतरी पुरुष बोलवायचे. कारण नारळ ऑपरेटरनं फोडायचा, आणि आम्ही पडलो हेल्पर.

त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी लेथवरच्या दस्तगीरभाईंना हाक मारली. भाई जागचे हलले नाहीत.

"साहेब, ही मशिनं बायकांची हायत. त्यास्नी द्या की."

दुसऱ्याला बोलावलं, तोही हलला नाही. शेवटी मालक स्वतः पुढं आले आणि नारळ अक्कांच्या हातात दिला. "मावशी, तुम्हीच फोडा."

अक्कांनी तो मशीनवर ठेवून दिला.

"आदी आमच्या चौघींची ऑपरेटरची लेटरं द्या मालक, मग फोडतो. हेल्परनं फोडल्यालं तुमच्याच कंपनीत चालत न्हाई."

घरात मी एकटी कमावती. नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात.

दसरा झाला. सगळी कंपनी सुरू झाली, आमची मशिनं बंद. पूजा अर्धवट राहिलेल्या मशीनला हात लावायला एक माणूस तयार होईना. मेमोची भीती घातली, तरी नाही. माल अडकला, गिऱ्हाइकाचे फोन सुरू झाले.

आणि कधी नव्हे ती फाइल आठवड्याच्या आत खाली आली.

लेटरं तिघींची होती. अक्कांचं नव्हतं. ऑपरेटर म्हटलं की दहावी पाहिजे म्हणे. अक्का सातवी.

मला रडूच आलं. म्हटलं, "अक्का, नका फोडू. आम्हीपण थांबतो."

"गप गं. पोरीची फी भरायची हाय न्हवं तुला? घे, तुझा नारळ तू फोड."

आम्हा तिघींना फोडायला लावले. मग स्वतःचा फोडला आणि मशीन चालू केलं. रिटायर होईपर्यंत त्यांचं लेटर काही आलं नाही.

त्या ऑपरेटरच्या पगारावर माझी पोरगी इंजिनीअर झाली. पेढे घेऊन बावड्याला त्यांच्या घरी गेले, तर आधी पोरीला जवळ घेतलं आणि विचारलं, "पगार बरोबरच्या पोरांएवढाच देत्यात न्हवं? बघून घे हां."

अक्का, तिनं बघून घेतलंय. देतात.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या तिघींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.