चार बोटं डावीकडे

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचं कारपेट माझ्या दुकानात, शिवणयंत्रामागच्या कोपऱ्यात उभं होतं. गुंडाळून, सुतळीने बांधून, वर पिशवी चढवून ठेवलेलं. पाऊस जरा उघडला की केरीला त्यांच्या घरी नेऊन होडीत घालायचं, असं ठरलं होतं. फोन दीपकचा होता, माझ्या भाच्याचा. "मावशे, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मी "बरं, येते," म्हणाले. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल, सांगता येत नाही. फोन ठेवून दुकानाचं शटर ओढताना माझं लक्ष त्या गुंडाळीकडे गेलं आणि मनात आलं, आता हिचं काय करायचं? रडू नंतर आलं, वाटेत, पेडण्याच्या अलीकडे.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, बायचे यजमान. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडच्या काठावर त्यांचं घर, आणि घरासमोर माडाखाली त्यांची होडी. ती त्यांच्या वडिलांनी, आबांनी, स्वतःच्या हातांनी बांधलेली. आबांनी आयुष्यात बऱ्याच होड्या बांधल्या, पण स्वतःच्या घरासाठी बांधलेली ही एकच, आणि शेवटची. भावजी तिच्यातून वर्षानुवर्षं मासे मारत आले. पुढे मासळी रोडावली, पाहुणे वाढले, आणि होडीत जाळ्यांच्या जागी माणसं बसू लागली... किल्ला पाण्यातून बघायचा, जमलं तर डॉल्फिन बघायचे, सूर्य बुडताना फोटो काढायचे आणि परत. भावजींना हे काम मनापासून आवडलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी ते नेटाने केलं, फक्त एका अटीवर. होडीत कुणी चप्पल घालून चढायचं नाही. जिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळी पुनवेला नारळ फुटतो तिच्यावर बूट कसे ठेवायचे, असा त्यांचा सरळ हिशोब. आता दिल्लीच्या पाहुण्यांना हे सांगायचं कुणी? पाहुणे बूट काढत, उन्हाने तापलेल्या फळीवर पाय ठेवत आणि टुणकन उडी मारत. कुणाच्या तळव्यात लाकडाची कूस घुसे. शेवटी बायनेच तोडगा काढला. "शालूचा दुकान आसा मा धारगळाक. घालूक सांगा कायतरी खाली."

माझं दुकान पडद्यांचं. गाद्यांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, कधीमधी हॉटेलांच्या खोल्यांतलं कारपेट. होडीला कारपेट मी कधी घातलं नव्हतं, पण नाही म्हणायची माझी सवय नाही. रबराच्या पाठीचं, पाणी न धरणारं, हिरवं कारपेट काढलं आणि टेप घेऊन केरीला गेले. उजव्या बाजूचं माप घेतलं आणि डावीकडे वळले, तर भावजी म्हणाले, "ती कित्याक मोजतंस? दोनय बाजू सारक्योच." आबांची होडी. शंका घेणारी मी कोण? मी आपली घरी आले, कारपेट मधोमध दुमडलं, आणि ब्लाऊजचं पुढचं कापतात तसं घडीवर एकदाच कातर चालवली. दुसऱ्या दिवशी होडीत पसरलं तर उजवीकडे हातमोज्यासारखं बसलं, आणि डावीकडे नाळेपासून मागेपर्यंत लाकूड उघडं, पोटाशी तर चार बोटं.

मी भावजींकडे बघितलं. भावजी माझ्याकडे. "कापूक येना नाय आणि म्हणता होडी वाकडी," ते म्हणाले. मी अजून काही म्हटलंसुद्धा नव्हतं.

तिथून आमचं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. खारं पाणी आणि ऊन कारपेट फार वर्षं टिकू देत नाही. दर काही वर्षांनी ते बदलायला लागायचं, आणि दर वेळी तोच खेळ. मी टेप घेऊन डावीकडे वळायची, भावजी मध्ये उभे राहायचे. "होडी काय तुजा गिरायक आसा, दोनय बगलांचा माप घेवक?" मग मीही हट्टाने घडीवरच कापायची, जसं सांगितलं तसं, आणि डावीकडे चार बोटं उघडी पडली की उरलेल्या तुकड्यातून पट्टी काढून सोल्यूशनने चिकटवायची. ती पट्टी एक-दोन पावसाळ्यांत सुटायची. गणपतीच्या चवथीला सगळे जमले की भावजी हमखास पाहुण्यांना सांगायचे, ही आमची मेवणी, पडद्यांत एक नंबर, फक्त कातर जरा वाकडी. मीही सोडत नसे. म्हणायची, भावजी, कातर सरळच आहे, तुमच्या घरात आली की घाबरते. सगळे हसायचे. बाय हसायची नाही, ती नेवऱ्यांचं ताट घेऊन आत जायची.

एकदा भावजी फेरीधक्क्यावर चहाला गेले असताना मी डावी बाजू मोजलीच. फरक होता. नाळेकडे कमी, पोटाकडे पूर्ण चार बोटं. मी विजयी मुद्रेने घरात आले आणि बायला सांगितलं. ती सुकटं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शालू, तुका कारपेट घालूचा आसा की आबांक फाशी देवची आसा?" तेव्हा मला तिचा राग आला होता. एवढं काय, वाटलं. एका फळीचा तर प्रश्न.

आणखी एक गोष्ट मी बघत आले होते, पण दोन आणि दोन कधी मांडले नव्हते. आमच्याकडे इंजिनाची होडी चालवणारे बहुतेक जण मागे उजव्या अंगाला बसतात आणि डाव्या हाताने मूठ धरतात. भावजी डावीकडे बसायचे. कायम. मी एकदा विचारलं तर म्हणाले, उजव्या बाजूला ऊन लागतं. नदीत होडी जाताना एका कुशीला ऊन आणि परत येताना दुसऱ्या, हे मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय दुखणं काढून बसलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता समुद्र नको. होडी माडाखाली चुडतांच्या, विणलेल्या झावळ्यांच्या झापांत जाऊन बसली. दीपक औषधांच्या कंपनीत, पाळीची नोकरी. त्याला होडी चालवता येते, बापाबरोबर लहानपणापासून जायचा. पण नोकरी सांभाळून होडी कोण बघणार, असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. अशात मांद्रेच्या एका हॉटेलवाल्याने होडी मागितली. बागेत ठेवायची म्हणे, आत माती भरायची आणि फुलं लावायची. दीपक हो-नाहीच्या काठावर होता. बाय काहीच बोलत नव्हती. भावजींना कुणी विचारलं नाही, पण त्या घरात एकाच खिडकीतून सगळं ऐकू येतं.

आषाढात मी त्यांना बघायला गेले ती आमची शेवटची भेट. पाऊस कोसळत होता. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. भुऱ्याशा चेहऱ्यावर दाढी वाढलेली. मी नेलेला पाव त्यांनी चहात बुडवला, खाल्ला नाही. मग म्हणाले, "शालू, कारपेट घालूचा आसा."

मी म्हटलं, कुठे? मला खरंच वाटलं, खोलीत घालायचं असेल.

"होडयेत. मातयेत कोण कारपेट घालता काय? घातला म्हणजे ती पाण्यात जातली. दीपकाक तू काय सांगू नको, तो कारपेट बघीत आणि काय ता समजात." मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि डावीकडे चार बोटां चड धर."

मी हातातला कप खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते कानावर पडल्यावर मला काहीतरी खमंग बोलायला हवं होतं. ते मात्र बोलत राहिले, मधे श्वास घेत... "आबांक डाव्या डोळ्यान दिसा नव्हता, ती होडी बांधताना. तेनी कोणाक सांगूक नाय. फळयो मी धरी होतंय. माका दिसला, ही बाजू भायर जाता. पण सांगतलंय कसा? होडयो बांधून नाव कमावलेलो माणूस." मग म्हणाले, "मी बसलंय डावीकडे, भागला. आता दुसरो कोणतरी बसतलो. तेका कळाक होया."

"म्हणजे माझी कातर सरळ?" मी विचारलं.

"ता मी म्हणूक नाय," ते म्हणाले, आणि हसले. हसताना त्यांना खोकला आला, म्हणून बाय आतून पाणी घेऊन आली.

घरी येऊन मी कारपेट कापलं. पहिल्यांदा घडी न घालता, दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखून. त्याच आठवड्यात ते गेले.

पुढचं सगळं जसं होतं तसंच झालं. बारावं झालं, माणसं आली, जेवली, गेली. पुनवेचा नारळ यंदा होडीला शेजाऱ्यांनी दिला. चवथ त्या घरात झाली नाही. हॉटेलवाल्याचा पुन्हा फोन आला तेव्हा दीपकने त्याला, "आईक विचारून सांगतंय," असं सांगितलं. आणि एके दिवशी बायचा मला फोन. "त्येंचा कारपेट तयार आसा मा? घेवन ये."

आम्ही दोघींनी मिळून ते घातलं. दीपकने झापं काढली, जुनं कारपेट उपटलं, फळ्या खरवडल्या. सांध्यांतून जुने खवले निघाले, मासेमारीच्या दिवसांतले. बायने ते हातात घेतले आणि पुन्हा तिथेच टाकले. मी नवं कारपेट नाळेकडून पसरत मागे आणलं. उजवीकडे बसलं. डावीकडे बसलं. कुठे घडी नाही, कुठे फट नाही, पट्टी लावायची गरज नाही. दीपक टाचांवर बसून त्या डाव्या काठावरून बराच वेळ हात फिरवत राहिला. "मावशे, ही बाजू..." तो म्हणाला. मी म्हटलं, हो. एवढा मोठा विजय, आणि ज्याच्या तोंडावर मारायचा तो माणूस नाही. मला त्या क्षणी भावजींची इतकी आठवण आली की मी तोंड फिरवून सोल्यूशनचा डबा बंद करायला घेतला. तो बंदच होता.

रविवारी होडी पाण्यात घातली. दीपकने चपला काठावर काढल्या, चढला आणि मागे उजव्या अंगाला बसला, बाकीचे बसतात तसा. होडी उजवीकडे कलली. फार नाही, पण हिरवं कारपेट तिरकं दिसू लागलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायने चपला काढल्या. समुद्र लागतो म्हणून ती त्या होडीत फारशी कधी चढलीच नव्हती. सगळ्या संसारात तिने होडी जाताना आणि येताना काठावरूनच बघितली. लुगड्याचा काष्टा आवरून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती आत उतरली, सरळ मागे गेली आणि इंजिनाच्या डाव्या बाजूला, भावजींच्या जागेवर बसली.

होडी सरळ झाली.

"चालू कर," ती दीपकला म्हणाली.