पैलवानाचं दावं

तातेरावांचा जगात कुणावर विश्वास म्हणून नव्हता. बियाण्याची सीलबंद पिशवी आणली तरी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, कोंब दिसले तरच पेरायचे. दुधात बोट बुडवून बघायचे, आणि दूध तर घरच्याच म्हशीचं! दुर्गाबाई म्हणायच्या, "लग्नात माझे दातबी मोजले असतील ह्यांनी."

अशा माणसाच्या गळ्यात पैलवान पडला. बदनापूरजवळ हायवेवर कुणीतरी गाडीतून सोडून दिलेलं धूड. अंग अल्सेशियनचं, कान गावठी, एक उभा अन् एक पडका. तातेरावांनी बैलाचं दावं गळ्यात अडकवून त्या लंगडणाऱ्या कुत्र्याला घरी आणलं. पाय बरा झाला, दावं गोठ्यातल्या खुंटीवर गेलं, आणि पैलवान रोज त्या खुंटीखालीच झोपायला लागला. स्वभाव असा लोचट, की दिसेल त्याच्या पायावर बसायचा. चोर आला असता तर त्याच्याही बसला असता.

आता दुर्गाबाईंच्या गुडघ्यांपायी दोघांना मुलाकडं नवीन जालन्यात राहायला जायचं होतं, आणि त्या सोसायटीत कुत्र्याला मनाई. पैलवानाला घर बघणं आलं. पण तातेरावांना कुणी पटेल तर शपथ! एकाला शेताला राखण हवी होती. "म्हंजे साखळी," तातेराव म्हणाले. दुसरा फार गोड बोलला, म्हणून तोही गेला. एकानं मोबाईलवर पैलवानाचा फोटो काढला, त्याला तर चहासुद्धा मिळाला नाही.

मग राजूरहून शालू आली. गणपतीच्या देवळाजवळ नारळ-फुलांचं दुकान, एकटी बाई, तोंडानं फटकळ. पैलवान तिच्या पायावर बसला. तिनं त्याला एक शिवी हासडली आणि पाय तसाच राहू दिला. तातेरावांना तेवढं बरं वाटलं.

"ने. पण पसंत पडलं न्हाई तर वापस आणीन."

"कुणाला पसंत, मामा? त्याला का तुम्हाला?" जाताना ती म्हणाली, "त्याचं दावं द्या की संगं."

झालं! जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं, दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते, हे राजूरच्या बाईला ठाऊक नसेल? "दावं बिलकुल मिळायचं न्हाई," तातेराव गुरकावले. शालू कुत्र्याला घेऊन निघून गेली.

तातेरावांची झोप उडाली. दावं कशाला मागितलं? बांधून घालणार, दुसरं काय! शेवटी त्यांनी तेच दावं पिशवीत कोंबलं आणि पैलवानाला ओढून आणायला राजूर गाठलं. समोरच्या हॉटेलाच्या आडून बघायला लागले.

पैलवान मोकळाच होता. दुकानापुढं निपचित पडलेला. शालू भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरून बसली होती. "खा रे बाबा, खा. काय करून राह्यलास असं?" गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात पैलवानाला वास लागला. धावत येऊन तो तातेरावांच्या पायावर धपकन बसला. मागून शालू आली.

"आल्यापासून घास घेतला न्हाई ह्यानं. म्हून दावं मागत होते, मामा. घरचा वास असता त्याला."

तातेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतून दावं काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं. पैलवानानं ते हुंगलं, तोंडात धरलं आणि शालूच्या पायाशी जाऊन त्यावर हनुवटी टेकली. मग तिच्या हातची भाकरी खाल्ली. तातेरावांकडं त्यानं पुन्हा पाहिलंही नाही.

घरी दुर्गाबाईंनी रिकामी पिशवी पाहिली. "दावं कुठंय?"

"दिलं."

"अन् लक्ष्मी?"

"ती बी गेली." तातेरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "चतुर्थीला बघून येऊ. त्या बाईचा काय भरवसा!"