माय येणार नाही

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेले नाही — नवऱ्याच्याही नाही. लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे वाक्ये अडखळतील. ती तशीच राहू देते.

निवृत्तीनंतर मी मानसशास्त्र शिकू लागले. त्यात वाचले, की तान्हे मूल आपल्याला सांभाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्यातच आधी स्वतःला पाहते. ती दिसेनाशी झाली तरी परत येईल, या भरवशावर त्याचे ‘मी’पण उभे राहते. पुढे वाचवेना. तो भरवसा माझ्या हातून मोडला होता — की मोडावा म्हणूनच मी तो मोडला?

माझी पहिली दोन मुले पाळण्यातच गेली. मुक्ता झाली तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे तिला माझ्या धाकट्या जावेच्या, शेवंताच्या ओटीत घातले आणि बदल्यात ओंजळभर ज्वारी माझ्या पदरात टाकली. मूल दुसरीचे झाले, की मरण त्याचे घर चुकते म्हणतात. रीत नावापुरती, मूल लगेच आईच्या मांडीवर परत येते. मी मात्र मुक्ताला खरोखरच अणदूरला शेवंताजवळ ठेवले आणि तुळजापूरच्या शाळेत रुजू झाले. जीव लावला तर हीही जाईल — एवढीच भीती.

ती चार वर्षांची झाल्यावर मी तिला घरी आणले. शेवंताला ती ‘माय’ म्हणे, मला ‘बाई’. दिवसभर उंबऱ्यात बसून वाट पाही. मला दया यायला हवी होती, नाही का? मला राग आला.

काही दिवसांनी शेवंता आली, पदराखाली शेंगदाण्याचे लाडू घेऊन. मुक्ता आत झोपली होती. मी दार अर्धेच उघडले.

“आक्का, लांबून बघते नुसतं. उठवत बी न्हाय.”

“ती विसरली तुला,” मी म्हणाले. “पुन्हा येऊ नकोस.”

लाडू पायरीवर ठेवून ती गेली. मुक्ता उठली आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याकडे निघाली. तेव्हा मी बोलले — शांतपणे, शब्द निवडून — “माय येणार नाही. तिला तू नकोशी झालीस.”

ती रडली नाही. त्या संध्याकाळी तिने मला प्रथमच ‘आई’ म्हटले. आणि मला — कसे लिहू? — आनंद झाला. पुढे शेताच्या वाटणीचे निमित्त करून मी दोन्ही घरांचे येणेजाणेही तोडले.

मुक्ता आता चाळिशीत आहे. ती कुणालाही ‘थांब’ म्हणत नाही. नवरा सोडून गेला तेव्हा एवढेच म्हणाली, “जाणारच होता.”

गेल्या उन्हाळ्यात शेवंता वारली. मी मुक्ताला फोन केला.

“जिनं मला टाकलं, तिच्या मातीला मी कशाला येऊ, आई?”

एका वाक्याचे काम होते. मी म्हणाले, “बरं. जेवलीस का?”

अणदूरला शेवंताच्या उशाशी बसलेल्या बायांनी विचारले, “लेक न्हाय आली व्हय?”

तिला सुट्टी मिळाली नाही, असे मी सांगितले.